सोलापुरातली फुलबाग: आखणी मेमध्ये, तोडणी दसऱ्याला

वर्षाचा पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, त्यातही सगळ्यात ओला महिना सप्टेंबर. एप्रिल-मेमध्ये पारा 42-43 अंशांवर. खाली काळी, चुनखडीयुक्त माती. पुण्या-नाशिकच्या बागेचं वेळापत्रक उचलून इथे लावलं की काय होतं ते सोलापूरकरांना माहीत आहे: जूनमध्ये हौसेने आणलेली 15 रोपं, दिवाळीपर्यंत उरलेली 4. रोपवाटिकेत जायच्या आधीच, मे महिन्यात, पुढच्या हंगामाची बाग कागदावर उतरली पाहिजे.

आधी बॅरल मोजा, मग कुंड्या

12 इंची कुंडीला मेमध्ये रोज साधारण 2 लिटर पाणी लागतं. 20 कुंड्यांना 40 लिटर. नळाला पाणी दर 5 दिवसांनी येत असेल तर 200 लिटरचं एक बॅरल फक्त कुंड्यांसाठी राखून ठेवावं लागेल. एवढं बॅरल ठेवायला जागा किंवा मन नसेल तर कुंड्या 12 ठेवा. उन्हाळ्यात जेवढ्या जगवता येतील तेवढीच आपली कायमची बाग. हंगामी फुलांसाठीच्या जास्तीच्या कुंड्या पावसाळ्यात भरायच्या आणि फेब्रुवारीअखेर रिकाम्या करायच्या.

बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड असतं. कुंडीच्या काठावर पांढरा थर साचला की क्षार वाढले असं समजा. पावसाळ्यातल्या पहिल्या दोन-तीन चांगल्या सरींत कुंड्या उघड्यावर ठेवा, तळाचं भोक मोकळं करा आणि पाणी आरपार वाहू द्या. आरओ मशीनचं वाया जाणारं पाणी झाडांना घालू नका, त्यात क्षार आणखी जास्त असतात. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी चालतं, कपड्यांच्या साबणाचं नाही.

कायमच्या झाडांत कण्हेर, तगर, बोगनवेल, पारिजातक, जास्वंद, मोगरा यांना पहिली पसंती द्या. कुंडीत सदाफुली आणि ऑफिस टाइम ही उन्हाळा काढणारी खरी कामाची फुलं, पण स्वस्त म्हणून त्यांना कोणी मान देत नाही. अनंत आणि एक्झोरा मात्र विचार करून घ्या. का, ते मातीकडे पाहिलं की कळेल.

मातीच खरं दुखणं

वाळलेल्या मातीच्या ढेकळावर व्हिनेगरचे चार थेंब टाका. फसफसली तर मातीत मोकळा चुना आहे. सोलापूरच्या काळ्या मातीत ती बहुतेक वेळा फसफसतेच. अशा मातीत लोह असतं, पण ते मुळांना उचलता येत नाही. म्हणून एक्झोरा, अनंत, कधी गुलाबसुद्धा शेंड्याकडून पिवळा पडतो: कोवळं पान पिवळं, शिरा मात्र हिरव्या. खालची जुनी पानं सबंध पिवळी पडत असतील तर ते दुखणं वेगळं, नत्र कमी किंवा मुळाशी पाणी जास्त. हा फरक न पाहता युरिया टाकला की झाड आणखी बिघडतं.

लोहाच्या कमतरतेवर 1 लिटर पाण्यात 5 ग्रॅम फेरस सल्फेट आणि 1 ग्रॅम लिंबूसत्त्व विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारा, 10-12 दिवसांनी पुन्हा. फरशीवर सांडू देऊ नका, गंजाचे डाग निघत नाहीत. मुळाशी द्यायचं तर चिलेटेड लोहाच्या (मुळांना उचलता येईल अशा रूपातल्या लोहाच्या) पुडीवर 'ईडीडीएचए' लिहिलेलं आहे का ते वाचून घ्या. 'ईडीटीए'वालं स्वस्त असतं, पण चुनखडीच्या मातीत ते फारसं टिकत नाही. आणि चुलीची राख, रांगोळीची पांढरी पूड, चुन्याची निवळी यांतलं काहीही अशा कुंडीत टाकू नका. आधीच अल्कधर्मी असलेल्या मातीत ती भरच पडते.

कुंडीसाठी मिश्रण असं: 3 घमेली माती (मिळाली तर लाल किंवा पोयट्याची), 2 घमेली पूर्ण कुजलेलं शेणखत, 2 घमेली बारीक चाळलेला मुरूम, 1 घमेलं भिजवलेलं कोकोपीट, आणि प्रत्येक 12 इंची कुंडीला 50 ग्रॅम निंबोळी पेंड. निव्वळ काळ्या मातीत मूठ-दोन मुठी वाळू टाकून काही होत नाही, उलट ती वाळल्यावर विटेसारखी घट्ट बसते. तिला मोकळं करतं ते शेणखत. ते मात्र हातात घेतल्यावर भुसभुशीत, वास न येणारं हवं. अर्धवट कुजलेल्या खतातून हुमणीच्या अळ्या येतात आणि ऑगस्टमध्ये एक दिवस हिरवंगार झाड अचानक माना टाकतं. उपटून पाहिलं तर मुळं गायब.

गेल्या हंगामाची माती फेकायची गरज नाही. मेचं ऊन फुकट आहे, ते वापरा. जुनी माती मुळं काढून ओलसर करा, पारदर्शक प्लास्टिकच्या पिशव्यांत भरून तोंड बांधा आणि गच्चीवर 4 ते 6 आठवडे तापू द्या, आठवड्यातून एकदा उलटवा. जमिनीतल्या वाफ्यावर पाणी देऊन पारदर्शक कागद पसरायचा आणि कडा मातीने दाबायच्या. कागद काळा नको, आणि माती कोरडी नको. ओल असली तरच उष्णता खोल जाते. बुरशी, सूत्रकृमी (मुळांना लागणारे सूक्ष्म जंत) आणि तणाचं बी बरंच मरतं. अबोली लावणाऱ्यांनी तर हे टाळूच नये. इथल्या तेलुगू-कन्नड घरांत जिला कनकांबर म्हणतात त्या अबोलीला सूत्रकृमीचा त्रास फार.

माती मेमध्ये तयार करायची, पण कुंड्या बदलायच्या पहिला चांगला पाऊस पडून हवा निवल्यावर. भर उन्हात मुळं उघडी केलेलं झाड सावरत नाही.

दसऱ्यापासून मागे मोजा

झेंडूचं बी पेरल्यापासून भरघोस फुलायला 80 ते 90 दिवस लागतात. दसऱ्याची तारीख बघा आणि 85 दिवस मागे या. 2026 मध्ये अधिक ज्येष्ठामुळे दसरा 20 ऑक्टोबरला आहे, म्हणजे पेरणी 27 जुलैच्या सुमारास; 8 नोव्हेंबरच्या लक्ष्मीपूजनासाठी दुसरी पेरणी 15 ऑगस्टला. सगळं बी एकदम पेरलं की दसऱ्याला पाट्या भरतात आणि दिवाळीला तोरण विकत आणावं लागतं.

बी अर्धा सेंटिमीटर खोल, ट्रेमध्ये. 25 दिवसांनी 4-5 पानांचं रोप संध्याकाळी लावा. उंच झेंडूला 45 सेंटिमीटर अंतर, बुटक्या मखमलीला 30. रोप वीतभर झालं की शेंडा खुडा. फुटवे वाढतात, पण फुलं आठवडाभर पुढे जातात. उशीर झाला असेल तर खुडू नका. गेल्या दसऱ्याच्या तोरणातलं बी चुरून पेरायची पद्धत घरोघरी आहे. उगवतं ते छान, पण मूळ फूल संकरित असेल तर पुढच्या पिढीत आकार-रंग एकसारखे येत नाहीत. चार रोपं तशी लावायला हरकत नाही, देवघराच्या तोरणाची सगळी भिस्त त्यांच्यावर ठेवू नका.

शेवंतीच्या काश्या (मुळाजवळून निघालेले फुटवे) जूनमध्ये लावा, महिन्याने शेंडा खुडा, ऑगस्टच्या मध्यानंतर खुडणं बंद. ही दिवस लहान झाल्यावर फुलणारी जात आहे. रस्त्याच्या दिव्याखाली किंवा रात्रभर जळणाऱ्या व्हरांड्याच्या बल्बजवळ ठेवलेली शेवंती नुसती पालेदार होते आणि घरातले खताला दोष देत बसतात. कुंडी अंधाऱ्या बाजूला हलवा.

निशिगंधाचे कंद मात्र एप्रिल-मेमध्येच, 2 सेंटिमीटरपेक्षा जाड निवडून, 5-6 सेंटिमीटर खोल. लहान कंद पहिल्या वर्षी पानंच देतात.

सप्टेंबरची फसगत

इथे झाडं उन्हाळ्यात मरतात तशीच सप्टेंबरात बुडूनही मरतात. काळी माती फुगली की मुळांना हवा मिळत नाही, पानं मलूल होतात, आणि ती पाहून माणूस आणखी पाणी घालतो. आधी बोट दोन इंच मातीत घाला. ओल लागली तर पाणी नाही. कुंड्यांखालच्या ताटल्या काढा, कुंड्या विटांवर चढवा. जमिनीत गादीवाफा करा: 3 फूट रुंद, 6 ते 9 इंच उंच, दोन्ही बाजूंनी पाणी निघायला चर.

जास्वंदीवर याच दिवसांत पिठ्या ढेकूण दिसतो, मुंग्या चढताना दिसल्या की पानांमागे पाहाच. थोडा असेल तर जुन्या टूथब्रशने खरवडा, फांदी पांढरी झाली असेल तर कापून पिशवीत बांधून टाका. मग 1 लिटर कोमट पाण्यात 5 मिली कडुनिंबाचं तेल आणि 2 मिली द्रव साबण, संध्याकाळी, आठवड्याच्या अंतराने दोनदा-तीनदा. उन्हात फवारलं की पानं करपतात.

पाऊस सरल्यावर

गुलाबाची मुख्य छाटणी ऑक्टोबरच्या मध्यानंतर, परतीचा पाऊस थांबला असं दिसल्यावर. छाटणीआधी आठवडाभर पाणी कमी करा. वाळक्या, आत वळणाऱ्या, पेन्सिलीहून बारीक फांद्या काढा. उरलेल्या बाहेरच्या बाजूच्या डोळ्यावर अर्धा सेंटिमीटर जागा सोडून तिरप्या कापा. काप लगेच कॉपर ऑक्सिक्लोराइड या बुरशीनाशकाच्या घट्ट पेस्टने बंद करा, नाहीतर फांदी वरून काळी पडत खाली येते. कलमाच्या गाठीखालून निघालेला जोमदार फुटवा मोह न धरता मुळापासून काढा. तो खुंटाचा आहे, कलमाचा नाही. फुलं 45 ते 50 दिवसांत.

ॲस्टर, पिटुनिया, फ्लॉक्स, डायँथस यांचं बी सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत ट्रेमध्ये पेरा. उशीर केला तर फुलायच्या वेळेला मार्चचं ऊन गाठतं. ॲस्टरमध्ये राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या 'फुले गणेश' मालिकेतल्या जाती मिळाल्या तर घ्या. पॅन्सीवर पैसे घालू नका, तिला हवी तेवढी थंडी इथे टिकत नाही.

मोगऱ्याचं काम सगळ्यात शेवटी. डिसेंबरात पाणी हळूहळू तोडा, पानं पिवळी पडून गळू लागली तर घाबरू नका. जानेवारीत गड्डा (सिद्धेश्वराची यात्रा) भरतो त्या सुमारास झाड निम्म्यावर छाटा, राहिलेली पानं ओरबाडून काढा, वरची दोन इंच माती उकरून तिथे दोन मुठी शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड मिसळा आणि मगच पाणी सुरू करा. मुळाशी दोन इंच उसाचं पाचट अंथरा, पण खोडापासून चार बोटं दूर. खोडाला टेकलेल्या कोरड्या पाचटात वाळवी लागते.