काल्पनिक जगाचं पंचांग आम्ही कसं जुळवलं

आम्ही काहीजण मिळून एक काल्पनिक जग लिहितो. त्यातलं उत्तरेचं राज्य चांद्र महिने मोजतं, दक्षिणेचं सौर. कथा शेजारी ठेवल्या की एकीकडे लढाई संपलेली असायची आणि दुसरीकडे सैन्य निघायचंच असायचं. बारा चांद्रमासांचे ३५४ दिवस, सौर वर्षाचे ३६५. वर्षाला ११ दिवसांचा फरक साठत जातो.

वाट दाखवली ती अहर्गणाने, म्हणजे एका ठरावीक दिवसापासूनच्या सलग दिवसगणतीने. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी 'ग्रहलाघव' या ग्रहगणिताच्या ग्रंथात ही संख्या आटोक्यात राहावी म्हणून ४०१६ दिवसांचं चक्र धरलं, म्हणजे पूर्ण चक्रं वेगळी मोजायची आणि उरलेलेच दिवस गणतीत ठेवायचे. किती सुरेख युक्ती! आम्ही प्रत्येक घटनेला आधी फक्त दिवसाचा क्रमांक दिला. दोन्हीकडच्या तारखा त्यावरून काढल्या.

दक्षिणेला ३० दिवसांचे बारा महिने आणि वर्षअखेरीस पाच मोकळे दिवस दिले. उत्तरेला ३० आणि २९ दिवसांचे आलटून पालटून महिने, शिवाय १९ वर्षांत सात अधिकमास. त्यांतले सहा ३० दिवसांचे, एक २९ चा. बेरीज दोन्हीकडे ६९३५. चंद्र आमचाच असल्याने त्याची फेरी सुमारे २९.५१ दिवसांची ठरवता आली.

महिन्यांची नावं मात्र शेवटी ठेवा, पेरणी आणि वारे ठरल्यावर.

आता दर १९ वर्षांनी दोन्ही राज्यांचा वर्षारंभ एकाच दिवशी येतो. सीमेवरची जत्रा त्या दिवशी भरवायचं ठरलंय, पुढची कथा तिथलीच.