स्वित्झर्लंड आणि त्याचे पाच शेजारी : सीमा ओलांडताना या चुका टाळा

स्वित्झर्लंडला समुद्रकिनारा नाही. चारही बाजूंनी जमीनच: उत्तरेला जर्मनी, पश्चिमेला फ्रान्स, दक्षिणेला इटली, पूर्वेला ऑस्ट्रिया, आणि ऑस्ट्रियाच्या अलीकडे चिमुकलं लिश्टनस्टाइन. लक्झेंबर्ग आणि स्लोव्हेनिया यांची नावं या यादीत बरेचदा घुसतात, पण दोघांचीही सीमा स्वित्झर्लंडला लागत नाही.

प्रवाशांचे जवळजवळ सगळे घोटाळे एका समजुतीतून होतात: "शेंगेन आहे ना, मग सीमा कुठे राहिली?" शेंगेन म्हणजे आपसातल्या सीमांवर पासपोर्ट न तपासण्याचं ठरवलेल्या युरोपीय देशांचा गट. त्यामुळे पासपोर्टचा नाका उठला, जकातीचा नाका जिथे होता तिथेच आहे. स्वित्झर्लंड १२ डिसेंबर २००८ पासून शेंगेनमध्ये आहे, पण युरोपीय संघात नाही आणि संघाच्या जकात क्षेत्रातही नाही. महामार्गाचा टोल, मोबाइलचं नेटवर्क, चलन यांच्या हद्दी आणखी वेगळ्या. म्हणून प्रत्येक गोष्टीची सीमा वेगळी तपासायची सवय लावून घ्यावी.

व्हिसा आहे म्हणून पासपोर्ट हॉटेलात ठेवणे

शेंगेनमधल्या एका देशातून दुसऱ्या देशात गेलं तर ते "बाहेर पडणं" धरत नाहीत. त्यामुळे एकच प्रवेश देणारा व्हिसा असला तरी झ्युरिकहून म्युनिकला जाऊन परत येता येतं. मधे लंडनला जाऊन यायचं असेल तर मात्र तो व्हिसा संपतो. अर्ज करताना होणारी चूक म्हणजे विमान झ्युरिकला उतरतं म्हणून स्विस व्हिसा मागणं. अर्ज त्या देशाकडे करायचा जिथे मुक्काम सर्वांत जास्त आहे. मुक्काम समसमान असतील तर जिथे पहिलं पाऊल पडेल त्या देशाकडे.

पासपोर्ट मात्र कायम जवळ हवा. जर्मनीने ऑक्टोबर २०२३ पासून स्विस सीमेवर पुन्हा तपासणी सुरू केली, आणि गाडीत पोलीस आले तर फोनमधला फोटो पुरत नाही.

आपण सीमा ओलांडतोय हे कळतही नाही अशा जागा स्वित्झर्लंडमध्ये बऱ्याच आहेत. ऱ्हाइनचा धबधबा पाहायला झ्युरिकहून निघालेली एस-९ लोकल लोटश्टेटन आणि येश्टेटन या दोन स्टेशनांवर थांबते. ही दोन्ही गावं जर्मनीत आहेत. पाट्या जर्मन, भाषा जर्मन, सगळं स्विस बाजूसारखंच दिसतं. बदल फक्त फोनवर दिसतो: नेटवर्कचं नाव पालटतं आणि "जर्मनीत स्वागत" असा मेसेज येतो. थोड्या वेळात गाडी पुन्हा स्वित्झर्लंडमध्ये शिरते आणि नॉयहाउझन राइनफाल स्टेशनवर धबधब्यापाशी उतरवते. सीमा नकोच असेल तर विंटरथूरमार्गे श्लोस लाउफेन स्टेशनला जावं. तो मार्ग पूर्ण स्वित्झर्लंडमधून आहे.

लोकार्नोहून चेंतोवाल्लीच्या छोट्या रेल्वेने डोमोदोस्सोला आणि पुढे ब्रिग असा प्रवास म्हणजे स्वित्झर्लंडमधून स्वित्झर्लंडमध्येच जाणं, पण मधला मोठा टप्पा इटलीत पडतो. बर्निना मार्गावरची लाल गाडीसुद्धा कंपोकोलोन्योनंतर सीमा ओलांडून इटलीतल्या तिरानोला संपते. तिरानोत दोन स्टेशनं शेजारी-शेजारी आहेत. मिलानची गाडी दुसऱ्या, इटालियन स्टेशनातून सुटते आणि तिला वेगळं तिकीट लागतं. कागदी तिकीट घेतलं असेल तर चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात त्यावर तारीख-वेळ छापून घ्यायची. ते राहिलं तर तिकीट असूनही दंड बसतो.

"पिशव्या कोण बघतंय?" असं समजणे

जर्मनीतलं कोन्स्टान्झ आणि स्वित्झर्लंडमधलं क्रॉयत्सलिंगेन ही एकमेकांना चिकटलेली शहरं. सरोवराच्या काठावर जिथे पूर्वी तारेचं कुंपण होतं, तिथे आता टॅरोच्या पत्त्यांवर बेतलेली शिल्पं उभी आहेत आणि लोक त्यांच्यामधून चालत जातात. कुंपण गेलं, पण किराणा घेऊन येणाऱ्याला जकातीचे नियम लागू आहेतच.

१ जानेवारी २०२५ पासून करमाफीची मर्यादा माणशी दिवसाला १५० फ्रँक आहे. आधी ती ३०० होती, आणि जुने आकडे अजून सगळीकडे फिरतात. इथे तीन ठिकाणी चूक होते. मर्यादा ओलांडली की कर वरच्या रकमेवर नाही, सगळ्या रकमेवर लागतो: एकट्याने १८० फ्रँकचा माल आणला तर ८.१ टक्के दराने १४.५८ फ्रँक. दुसरं, दोघांचा मिळून २९० फ्रँकचा किराणा चालतो, पण २९० फ्रँकची एकच वस्तू दोघांत वाटून दाखवता येत नाही. तिसरी गोष्ट फायद्याची आहे: पावतीवर जर्मन कर वेगळा दाखवला असेल तर तो वजा करून किंमत धरता येते. म्हणून पावत्या टाकू नयेत.

काही जिनसांना किमतीशिवाय वजनाचीही मर्यादा आहे. मांस माणशी १ किलो. त्यावर १० किलोपर्यंत दर किलोला १७ फ्रँक, म्हणजे स्वस्त चिकनची सगळी बचत जाते. लोणी आणि साय मिळून १ किलो, तेल ५ लिटर, १८ टक्क्यांपर्यंतचं मद्य ५ लिटर आणि त्याहून कडक १ लिटर. जाहीर करायला स्विस कस्टम्सचं 'क्विकझोल' ॲप आहे. सीमा ओलांडण्याआधी त्यात नोंद करून कर भरायचा. पलीकडे पकडल्यावर ॲप उघडून उपयोग नाही.

हे मर्यादेचे आकडे शेजारच्या युरोपीय देशांतून आणलेल्या मालाचे आहेत. भारतातून येणाऱ्याला मांस आणि दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत, प्रमाण कितीही लहान असो. घरचं तूप, खवा, पेढे, बर्फी हे सगळं त्यात आलं. लेकीसाठी बरणी भरून तूप घेऊन येणाऱ्या आईवडिलांना हे निघण्याआधीच सांगावं. विमानतळावर ती बरणी डोळ्यांदेखत काढून घेतली जाते. कोरडा चिवडा, तेलात तळलेली चकली यांना ही बंदी नाही.

कर-परताव्याचा शिक्का चुकीच्या ठिकाणी शोधणे

ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे, आणि सहलीचा क्रम ठरवतानाच ती टाळता येते. पॅरिसमध्ये घेतलेल्या वस्तूचा कर परत मिळवायचा तर माल युरोपीय संघाबाहेर नेताना, संघाच्या शेवटच्या टोकाला जकात खात्याचा शिक्का घ्यावा लागतो. पॅरिसहून रेल्वेने स्वित्झर्लंडला आलात आणि झ्युरिकहून मुंबईचं विमान धरलंत, तर ते टोक म्हणजे स्विस सीमा. झ्युरिक विमानतळावर फ्रेंच खरेदीचा शिक्का मिळत नाही, कारण तुम्ही संघातून केव्हाच बाहेर पडलेले असता. गाडीही त्यासाठी थांबत नाही.

उलटही तेच. स्वित्झर्लंडमध्ये एका दुकानात किमान ३०० फ्रँकची खरेदी केली तर परतावा मिळतो, पण मिलानहून परतणार असाल तर स्विस शिक्का सीमेवरच घ्यायचा. साधा उपाय असा: मोठी खरेदी त्या बाजूला करावी जिथून घरचं विमान सुटतं. वस्तू मोठ्या बॅगेत तळाशी न ठेवता हाताशी ठेवावी, कारण शिक्का मारण्याआधी ती पाहायला मागतात.

विन्येट न घेता महामार्गावर चढणे

स्विस महामार्गाला टोलनाके नाहीत, वर्षाचं एकच विन्येट, म्हणजे महामार्ग वापरण्याचा परवाना, आहे: ४० फ्रँक. एक दिवसाचं किंवा आठवड्याचं मिळत नाही. आदल्या वर्षीच्या १ डिसेंबरपासून पुढच्या वर्षीच्या ३१ जानेवारीपर्यंत, म्हणजे १४ महिने ते चालतं. नसलं तर २०० फ्रँक दंड, शिवाय विन्येट घ्यावंच लागतं. ऑगस्ट २०२३ पासून ते ऑनलाइन मिळतं आणि गाडीच्या नंबराशी जोडलेलं असतं. म्हणून भाड्याची गाडी हातात आल्यावर नंबर पाहून मगच घ्यावं. सरकारी पोर्टलवरूनच घ्यावं, मधले दलाल त्याच विन्येटचे जास्त पैसे लावतात.

म्युनिकहून सांक्ट गालेनला जाताना मधे ऑस्ट्रियाचा तुकडा लागतो आणि ऑस्ट्रियाचं विन्येट वेगळं आहे. हर्ब्रान्झ ते होहेनेम्स हा टप्पा डिसेंबर २०१९ पासून त्यातून वगळला आहे. होहेनेम्सला उतरून स्विस बाजूला गेलात तर ऑस्ट्रियाचं विन्येट लागत नाही, फेल्डकिर्चकडे पुढे गेलात तर लागतं. लिश्टनस्टाइनमध्ये महामार्गच नाही, त्यामुळे तिथे विन्येटही नाही.

बासेल विमानतळाला "स्वित्झर्लंडमधला" समजणे

हा विमानतळ पूर्णपणे फ्रान्सच्या जमिनीवर आहे. १९४९ च्या करारानुसार तो दोन्ही देशांचा मिळून चालतो. आत स्विस आणि फ्रेंच असे दोन भाग, दोन दरवाजे. गाडी भाड्याने घेताना कुठल्या भागातून घेताय ते आरक्षणातच नीट पाहावं: फ्रेंच बाजूच्या गाडीवर स्विस विन्येट असेलच असं नाही. शहरातही तोच प्रकार: बासेल बाडिशर बानहोफ हे स्टेशन स्विस जमिनीवर असून जर्मन रेल्वे चालवते. स्विस गाड्यांचं मुख्य स्टेशन बासेल एसबीबी. तिकिटावर यांतलं कोणतं लिहिलंय ते वाचल्याशिवाय ट्राम धरू नये.

नकाशातल्या बेटांबद्दल जुनी माहिती धरून बसणे

शाफहाउझनजवळचं ब्युसिंगेन हे जर्मन गाव चारही बाजूंनी स्वित्झर्लंडने वेढलेलं आहे. कायदा जर्मनीचा, पण जकातीच्या दृष्टीने ते स्वित्झर्लंडमध्ये मोडतं. गावाला पिनकोडही दोन्ही देशांचे आहेत. लुगानो सरोवराकाठचं इटलीचं काम्पिओने पूर्वी असंच होतं, पण १ जानेवारी २०२० पासून ते युरोपीय संघाच्या जकात क्षेत्रात गेलं. जुन्या प्रवासपुस्तिका अजून दोघांना एकाच रांगेत बसवतात.

लिश्टनस्टाइनचं काम्पिओनेच्या नेमकं उलट. तिथे १९२४ पासून स्विस फ्रँक चालतो, जकातही स्वित्झर्लंडबरोबर एकत्र आहे, आणि सीमा म्हणजे ऱ्हाइनवरचा पूल. पण मोबाइलच्या बाबतीत ते युरोपीय रोमिंगच्या नियमांत येतं आणि स्वित्झर्लंड येत नाही. "संपूर्ण युरोप" लिहिलेल्या सिमच्या देशांच्या यादीत स्वित्झर्लंडचं नाव स्पष्ट आहे ना, हे पाहिल्याशिवाय ते घेऊ नये. जिनिव्हा, बासेल, क्रॉयत्सलिंगेन इथे फोन आपोआप पलीकडचं नेटवर्क पकडतो. सेटिंगमध्ये नेटवर्कची निवड स्वयंचलितऐवजी हाताने केली की हा त्रास थांबतो.

सीमेची लांबी एकच आकडा म्हणून पाठ करणे

स्पर्धा परीक्षेसाठी किंवा शाळेच्या प्रकल्पासाठी क्रम पक्का धरावा: सर्वांत लांब सीमा इटलीशी, सर्वांत आखूड लिश्टनस्टाइनशी, सुमारे ४१ किलोमीटर. बाकी आकडे पुस्तकागणिक बदलतात आणि त्याला कारणं आहेत. कोन्स्टान्झ सरोवराच्या मुख्य भागात सीमा कुठून जाते यावर तीन देशांचा करारच झालेला नाही. मॅटरहॉर्नजवळ थिओडूल हिमनदीच्या माथ्यावरून सीमा जाते, आणि बर्फ वितळेल तसा माथा सरकतो. तिथली नवी आखणी स्वित्झर्लंडने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर केली. बासेलच्या बंदरातला तीन देशांचा खांब हाही खरा त्रिबिंदू नव्हे, खरा बिंदू नदीच्या पात्रात आहे. आणि लिश्टनस्टाइनला 'दुहेरी भूवेष्टित' म्हणतात ते त्याचे दोन्ही शेजारी स्वतः भूवेष्टित, म्हणजे समुद्रकिनारा नसलेले, आहेत म्हणून. जगात असा दुसरा देश फक्त उझबेकिस्तान.

जर्मनीचा प्लग स्वित्झर्लंडमध्ये चालेल असे धरणे

स्विस सॉकेट षटकोनी खोबणीचं आणि तीन बारीक छिद्रांचं असतं. दोन बारीक पिनांचा चपटा चार्जर त्यात बसतो, पण जर्मनीत चालणारा जाड गोल प्लग आत जातच नाही. लिश्टनस्टाइनमध्येही स्विस सॉकेटच आहे. लॅपटॉपची जाड पिन असेल तर 'युरोप' लिहिलेला ॲडॅप्टर घेण्याआधी तो स्वित्झर्लंडसाठी आहे का, ते पाकिटावर वाचून घ्यावं.