भंगारवाल्याला हो म्हणण्याआधी: आखाड्यावरची जुनी गाडी कशी वाचवायची

तुमच्या शेतातल्या आखाड्यावर किंवा वाड्याच्या पडवीत जुनी जीप, अँबेसेडर नाहीतर फियाट उभी असेल आणि भंगारवाला भाव सांगून गेला असेल, तर त्याला आज नाही म्हणा. गाडी इतकी वर्षं उभी राहिलीच आहे, अजून महिनाभर राहिली तर काही बिघडत नाही.

माझं गॅरेज लातूरला आहे. या भागात जीपांचं काय झालं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. महिंद्राची सीजे-३बी आठवते ना, उंच बॉनेटवाली? त्या बॉनेटखाली विलिस या अमेरिकी कंपनीचं हरिकेन पेट्रोल इंजिन असायचं. त्याचे इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये, त्यामुळे इंजिन उंच झालं आणि बॉनेटही. पेट्रोल परवडेना म्हणून लोकांनी त्यात डिझेल इंजिनं बसवली आणि चांगली चालती हरिकेन किलोवर घातली. पुढे बॉडी गॅस कटरने कापली, अॅक्सल ट्रॉलीला गेले. तेव्हा कुणाला वाटलं नाही की ही वस्तू पुन्हा मिळणार नाही. आज तेच इंजिन शोधत लोक माझ्याकडे येतात आणि रिकाम्या हाताने परत जातात. मला याचं फार वाईट वाटतं.

एक गैरसमज आधी काढून टाका. ‘१५ वर्षं झाली, आता गाडी कापावीच लागते,’ असं भंगारवाला हमखास सांगतो. आपल्याकडे खासगी गाडीला असा नियम नाही. १५ वर्षांनंतर आरटीओत तपासणी करून, पर्यावरण कर भरून नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढवता येते. दिल्ली भागाचे नियम वेगळे आहेत, ते इथे लावू नका.

आता गाडीकडे चला. मराठवाड्याची कोरडी हवा ही या गाड्यांची मोठी पुण्याई आहे. मुंबई-कोकणातल्या गाड्यांचे पत्रे खाऱ्या हवेने खाल्ले, आपल्याकडे वरची बॉडी बऱ्याचदा शाबूत सापडते. नुकसान होतं ते खालून. काळ्या रानात उभ्या गाडीची चाकं रुततात, माती ओल धरते आणि पावसाळ्यागणिक तळाचा पत्रा कुजत जातो. म्हणून आधी गाडीवर रचलेल्या पऱ्हाट्या आणि कडबा काढा, गाडी जॅकवर उचलून दगडी फरशीवर किंवा लाकडी ओंडक्यांवर घ्या. मग स्क्रू ड्रायव्हर घेऊन आडवे व्हा. फ्लोअर, दारांखालची पट्टी आणि स्प्रिंगचे हँगर जिथे बसतात ती जागा टोचून बघा. खणखणीत आवाज आला तर जीव आहे. टोक आत गेलं तर तिथे वेल्डिंग लागेल, पण तेवढ्यावरून गाडी मोडीत काढू नका. पुढच्या काचेच्या बुडाशी साचलेला लिंबाचा पाला हाताने उपसा, तिथून पाणी आत झिरपतं. आणि ताडपत्री गाडीला गच्च बांधू नका, आत वाफ धरते. वर पत्र्याचं शेड, चारी बाजूंनी वारा, हेच चांगलं.

उत्साहाच्या भरात चौघांनी ढकलून गाडी चालू करू नका. पिस्टन धरलेले असतील तर रिंगा तुटतात. बॅटरी काढा. उंदरांनी वायरिंग कुरतडलेलं असणारच, ते दुरुस्त झाल्याशिवाय नवी बॅटरी लावू नका. प्लग खोला, प्रत्येक सिलिंडरमध्ये निम्मं इंजिन ऑइल, निम्मं डिझेल असं चमचा-दोन चमचे सोडा आणि तीन-चार दिवस विसरून जा. मग पुढून हँडल लावून हलक्या हाताने बघा. हँडल एकाच दिशेने फिरवतं, म्हणून इंजिन अडलंच तर गाडी खाली उतरवून टॉप गिअरला टाका आणि इंच-दोन इंच मागेपुढे डोलवा. अचानक ‘फुस्स’ करून हवा सुटते आणि हँडल मोकळं होतं. टाकीतलं जुनं पेट्रोल वापरायचं नाही, त्याचा डिंक होऊन कार्बोरेटर तुंबतो. ब्रेकची सिलिंडरं खोलून बघितल्याशिवाय गाडी हाताखाली घेऊ नका.

कागद शोधायला घरातल्या म्हाताऱ्या माणसांना बसवा. ट्रंकेत, देवघरामागे, बँकेच्या जुन्या पिशवीत आरसी बुक सापडतं. गाडी वारलेल्या आजोबांच्या नावावर असेल तर आरटीओचा नमुना ३१ (फॉर्म) भरून, मृत्यू दाखला आणि बाकी वारसांची संमती जोडून ती आपल्या नावावर करून घ्या. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झाली असतील आणि चासी, बॉडी, इंजिन मूळचंच असेल, तर जुलै २०२१ च्या केंद्राच्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणी मिळते. तिला ‘व्हीए’ मालिकेचा नंबर येतो. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा भाड्याला चालत नाही, रॅली-प्रदर्शनाला चालते. काढलेलं मूळ इंजिन कोपऱ्यात पडलं असेल तर ते याचसाठी जपायचं.

अँबेसेडर २०१४ साली बंद झाली, पद्मिनी, म्हणजे आपली फियाट, त्याच्याही कितीतरी आधी. म्हणून मीटर, हॉर्न, व्हीलकॅप, दारांची हँडलं, एमने सुरू होणाऱ्या तीन अक्षरांची जुनी नंबरप्लेट, यातलं काही फेकू नका. तुटकं असलं तरी नमुन्याला लागतं. हे भाग मुंबईत कुर्ल्याला आणि चोरबाजारात, चेन्नईत पुदुपेटला शोधता येतात, पण हातात नमुना लागतो. घाईने नवा रंगही मारू नका, जाणकार मूळ रंगाचे पैसे मोजतो.

ठेवणं जमतच नसेल तर अख्खी विका, सुटी करून नाही. घेणाऱ्याला बॉनेट उघडून चासी आणि इंजिन नंबर आरसीशी जुळवून दाखवा. नमुना २९ आणि ३० वर त्याच्यासमोर सह्या करा आणि गाडी त्याच्या नावावर चढल्याची पावती मागून घ्या.