शी धरून ठेवणारं मूल: या चुका टाळा

तीन-चार वर्षांचं मूल पडद्यामागे जातं, टाचा उचलून उभं राहतं, पाय एकमेकांवर आवळतं, चेहरा लालबुंद होतो. घरातले म्हणतात, "बिचारा किती जोर लावतोय!" तो जोर लावत नसतो. शी बाहेर येऊ नये म्हणून तो ती आत धरून ठेवत असतो.

मी बालवाडीत शिकवते. असं एखादं मूल वर्गात नाही, असं वर्ष मला आठवत नाही. सुरुवात बहुतेक वेळा सारखीच असते. कधीतरी कडक खडा होतो, दुखतं, थोडं रक्तही दिसतं आणि मूल ठरवून टाकतं की आता शी करायचीच नाही. धरून ठेवलेल्या शीतलं पाणी आतडं शोषत राहतं, खडा मोठा होतो आणि पुढची शी जास्त दुखते. म्हणून आधी दुखणं थांबवायचं, भीती त्यानंतर जाते. पालक मात्र उलट्या टोकानं सुरू करतात. दुखणं तसंच ठेवून मुलाला कमोडवर बसवतात आणि "कर, कर" म्हणत समोर उभे राहतात.

जुलाब समजून औषध देणं

या चुकीवर मी सगळ्यात जास्त बोलते, कारण तिच्यामुळे मुलाचे होणारे हाल मी जवळून पाहिले आहेत. वर्गातल्या एका चार वर्षांच्या मुलाची चड्डी दिवसातून कितीदा तरी पातळ शीनं खराब व्हायची. घरच्यांनी जुलाब समजून जायफळ उगाळून चाटवलं, कोरा चहा पाजला, साबुदाण्याची पेज सुरू केली. जवळच्या दवाखान्यातून जुलाब थांबवायचं औषधही आणलं. पोट फुगलं, जेवण सुटलं, चड्डी भरणं चालूच राहिलं. मग आजी ओरडायला लागली, "एवढा घोडा झालास तरी कळत नाही?" वडिलांनी एकदा हातही उगारला. मुलगा खराब चड्ड्या कपाटामागे लपवू लागला.

मी त्याच्या आईला एकच विचारलं, "शेवटची नीट, बांधलेली शी कधी झाली होती?" तिला आठवेना. बालरोगतज्ज्ञांनी पोट चाचपलं, तर खाली मळाचा मोठा गोळा हाताला लागला. त्या गोळ्याच्या कडेनं वरची पातळ शी झिरपत होती. महिनोन्‌महिने ताणलेल्या गुदाशयाला, म्हणजे आतड्याच्या शेवटच्या भागाला, भरल्याची जाणीवच होत नाही. "मला कळलं नाही" असं मूल म्हणतं तेव्हा ते खरं बोलत असतं. अशा मुलाला ओरडणं म्हणजे आजारासाठी शिक्षा करणं, आणि ते मला सहन होत नाही.

अडकलेला मळ आधी मोकळा करावा लागतो. त्यासाठी डॉक्टर बहुधा पॉलिइथिलीन ग्लायकॉलची, म्हणजे शी मऊ करणारी, पावडर काही दिवस मोठ्या मात्रेत देतात. मात्रा वजनावर ठरते, शेजारच्या मुलाची मात्रा आपल्याला चालत नाही. त्या दिवसांत चड्ड्या जास्तच खराब होतात, त्यामुळे हे शाळेला सुट्टी असताना करा, आणि "औषधानं जुलाब झाले" म्हणून मधेच थांबवू नका.

शी सुरू झाली की औषध बंद करणं

त्याच मुलाची पुढची गोष्ट. मळ मोकळा झाला, रोज मऊ शी व्हायला लागली, मूल खायला-खेळायला लागलं. मग कुणीतरी आईला सांगितलं की औषधाची सवय लागते. दिवाळीच्या तोंडावर तिनं औषध बंद केलं. फराळ, पाहुणे, गावचा प्रवास, परकं घर, परका संडास. शाळा उघडली तेव्हा मुलगा पुन्हा टाचा उचलून उभा होता, आणि पहिल्यापासून सगळं करावं लागलं. या वेळी त्याची भीती आधीपेक्षा पक्की होती.

ही पावडर आतड्यातून रक्तात जवळपास जात नाही. ती शीतलं पाणी धरून ठेवते आणि शी मऊ राहते, एवढंच तिचं काम. तिनं आतडी आळशी होत नाहीत. युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या मुलांच्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनांनी २०१४ साली मिळून दिलेल्या सूचना स्पष्ट आहेत: मळ मोकळा झाल्यावर उपचार किमान २ महिने चालू ठेवायचे, सगळा त्रास थांबून किमान १ महिना झालेला असावा, आणि मग औषध हळूहळू कमी करायचं. मूल संडासला बसायला शिकत असेल तर ते नीट शिकेपर्यंत थांबायचं. प्रत्यक्षात बऱ्याच मुलांना कितीतरी महिने लागतात. माझं पालकांना सांगणं असतं की सण, प्रवास किंवा नवी शाळा जवळ असताना मात्रा कमी करायचा विषयही डॉक्टरांकडे काढू नका.

झटपट उपाय

साबणाची कांडी, तेलात बुडवलेला विड्याच्या पानाचा देठ, बोट, एरंडेल. हे बंद करा. साबणानं आतली नाजूक त्वचा चुरचुरते आणि "इथे दुखतं" ही मुलाची खात्री पक्की होते. एनिमाचं डॉक्टर ठरवतील. बहुतेक मुलांचं काम तोंडानं घ्यायच्या औषधावर भागतं.

खाण्यावर सगळा भार टाकणं

पपई, मनुका, पालेभाजी, भाकरी जरूर द्या, पाणी द्या. पण अडकलेला गोळा पपईनं निघत नाही. इसबगोल तर मळ तुंबलेला असताना मनानं देऊच नका. दूध मात्र मोजा. दिवसाला अर्ध्या लिटरच्या पुढे दूध पिणारं मूल जेवत नाही, आणि मग आई म्हणते, "भाजी खातच नाही हो!"

बसवण्याची घाई

कमोडवर पाय लोंबकळत असतील तर मुलाला नीट जोर लावता येत नाही. पायाखाली पाट किंवा छोटं स्टूल ठेवा, गुडघे कमरेपेक्षा जरा वर यायला हवेत. भारतीय पद्धतीच्या संडासात लहान मुलाला भोकात पडायची खरीखुरी भीती वाटते. जमिनीवरची पॉटी वापरा, त्यात कमीपणा नाही. फ्लश मूल बाहेर गेल्यावर ओढा.

जेवणानंतर आतडी आपोआप हालचाल करतात, म्हणून जेवण झाल्यावर अर्ध्या तासाच्या आत पाच-दहा मिनिटं बसवा. सकाळी व्हॅन दारात उभी असेल तर ते जमत नाही, रात्रीच्या जेवणानंतर करा. मोबाइल देऊन अर्धा तास बसवणं मला अजिबात पटत नाही. स्टिकर द्यायचं तर बसल्याबद्दल द्या. शी होणं मुलाच्या हातात नसतं.

काही मुलं फक्त डायपरमध्येच शी करतात. डायपर हिसकावून घेतलात तर मूल शी अडवतं. आधी डायपर घालून संडासात उभं राहू दे. काही दिवसांनी डायपरसकट पॉटीवर बसू दे. मग डायपर सैल, मग त्याला भोक पाडून. आठवडे लागतात, लागू द्या.

पाहुण्यांसमोर मुलाच्या शीची चर्चा करू नका. शाळेत बाईंना आधीच सांगा आणि दप्तरात जादा चड्डी ठेवा. आणि माझ्या सहकाऱ्यांना कळकळीची विनंती, "बाई, शी आली" म्हणणाऱ्या मुलाला "मधल्या सुट्टीत जा" म्हणू नका.

जन्मानंतर पहिली काळी शी ४८ तासांत झाली नव्हती, त्रास पहिल्या महिन्यातच सुरू झाला, हिरवी उलटी होते, पोट खूप फुगतं, वजन वाढत नाही किंवा पायांत अशक्तपणा आहे, यातलं काहीही असेल तर घरी काही करत बसू नका, लगेच बालरोगतज्ज्ञांना दाखवा. हिरवी उलटी आणि फुगलेलं पोट असेल तर त्याच दिवशी, रात्र असली तरी.