डेंटिन बाँडिंगवर थिसिस घेताय? चोवीस तासांच्या आकड्यावर भाळू नका

सोलापुरात एमडीएसला (दंतवैद्यकाच्या पदव्युत्तर अभ्यासाला) आलेल्या ज्युनिअर्सनी बाँडिंगचा, म्हणजे दाताला रेझिन चिकटवण्याचा, विषय निवडला की मी त्यांना आधी एकच विचारते: चिकटवलेले नमुने ताकद मोजण्याआधी किती दिवस पाण्यात ठेवणार? उत्तर बहुतेक ‘चोवीस तास’ असतं. चोवीस तासांनी जवळपास प्रत्येक चांगलं रेझिन सिमेंट (कॅप चिकटवायचा पदार्थ) छान आकडा देतं. पेशंटची कॅप मात्र काही वर्षांनी हातात येते, आणि थिसिसने शोधायचं ते त्या मधल्या काळात काय घडतं हे.

इनॅमल, म्हणजे दाताचं बाहेरचं कवच, वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असतं, म्हणून बुओनोकोर यांनी १९५५ मध्ये मांडलेलं ॲसिड एचिंग (ॲसिडने पृष्ठभाग खरखरीत करणं) त्यावर आजही भक्कम आहे. त्याखालच्या डेंटिनमध्ये खनिज ७० टक्क्यांच्या आसपास, बाकी कोलॅजन हे प्रथिन आणि पाणी. फॉस्फोरिक ॲसिडने खनिज निघालं की कोलॅजनचं जाळं उघडं पडतं. त्यात रेझिन झिरपून जो थर बनतो, तो नाकाबायाशी यांनी १९८२ मध्ये दाखवलेला हायब्रिड लेयर. गोची ही की ॲसिड जितकं खोल जातं तितकं रेझिन पोचत नाही. तळाशी उघडे धागे राहतात. डेंटिनमध्येच दडलेली एमएमपी नावाची एन्झाइम्स ॲसिडमुळे जागी होतात आणि पाण्याच्या साथीने ते धागे हळूहळू तोडत जातात. वरून रेझिनही पाणी शोषून घेतं.

उपाय इथूनच निघतात. डेंटिनवर एचिंग पंधरा सेकंदांपुढे नेऊ नका. एचिंगनंतर २ टक्के क्लोरहेक्सिडिन लावलं तर एमएमपी दबतात, पण ते कालांतराने धुऊन जातं, त्यामुळे सगळा भरवसा त्यावर ठेवू नये. मला स्वतःला १०-एमडीपी असलेली बाँडिंग जास्त पटतात, कारण हा रेणू दातातल्या कॅल्शियमशी रासायनिक बंध करतो. रूट कॅनालनंतर बाँडिंग करणार असाल तर कॅनाल धुवायच्या हायपोक्लोराइटकडे लक्ष द्या. त्यातून राहिलेला ऑक्सिजन रेझिन नीट घट्ट होऊ देत नाही. युजेनॉलवाल्या (लवंगतेलाचा घटक असलेल्या) टेम्पररी सिमेंटचाही तोच त्रास.

आता आपल्या ओपीडीबद्दल. इथे मिश्री लावणाऱ्या, विडी वळणाऱ्या मावश्या येतात. त्यांच्या दातांची मान झिजून चकचकीत, तपकिरी झालेली असते. तिथल्या डेंटिनमधल्या सूक्ष्म नलिका खनिजाने बुजलेल्या असतात, ॲसिड आत शिरत नाही आणि बाँड कमी मिळतो. बरने (ड्रिलच्या टोकाने) पृष्ठभाग हलका खरवडून घ्यावा लागतो. थिसिससाठी आपण गोळा करतो ते बहुधा ऑर्थोसाठी (दात सरळ करण्यासाठी) काढलेले तरुणांचे प्रीमोलर दात. ही दरी डिस्कशनमध्ये लिहा, लपवू नका. आणि आपल्याकडचा एप्रिल-मे! ॲसिटोन किंवा इथेनॉल असलेली बाँडिंगची बाटली उघडी राहिली की द्रावक उडून जातो. थेंब वापरायच्या क्षणीच काढा, झाकण लगेच लावा.

गोळा केलेले दात कोरडे पडू देऊ नका, ०.५ टक्के क्लोरामाइन-टी या जंतुनाशकात, फ्रिजमध्ये ठेवा. मायक्रोटेन्साइल चाचणीसाठी (यात बाँड ओढून तोडतात) चिकटवलेल्या दाताची काडी साधारण एक चौरस मिलिमीटरची कापतात. ती तीस मेगापास्कलला तुटली तर बळ होतं फक्त तीस न्यूटन, म्हणजे जेमतेम तीन किलोचा भार. इंजिनिअरिंग कॉलेजातलं मशीन लोखंडी सळया ओढायला बसवलेलं असू शकतं, म्हणून तारीख घेण्याआधी लहान लोड सेल (बळ मोजणारा भाग) आहे का हे विचारा. तुटलेल्या काड्या टाकून देऊ नका. सूक्ष्मदर्शकाखाली त्या पाहिल्या की तूट सिमेंटमध्ये झाली, डेंटिनमध्ये की दोघांच्या सांध्यात, हे कळतं, आणि माझ्या मते सरासरीपेक्षा ते जास्त बोलकं असतं.

थर्मोसायकलिंग, म्हणजे नमुने आळीपाळीने थंड-गरम पाण्यात बुडवणं, ५ ते ५५ अंशांमध्ये करतात; दहा हजार फेऱ्या म्हणजे तोंडातलं अंदाजे एक वर्ष, असं धरलं जातं. ते जमत नसेल तर ३७ अंशांच्या पाण्यात सहा महिने ठेवा आणि पाणी नियमित बदला. त्यासाठी सिनॉप्सिस (थिसिसचा आराखडा) मंजूर होताच नमुने तयार करायला घ्या. पैसे कमी पडले तर सिमेंटचा एखादा ब्रँड गाळा, सहा महिन्यांचा गट गाळू नका.