कमी बजेटमध्ये डिजिटल स्क्रीनचं काम सुरू करताय? खानदेशातला माझा अनुभव

पतसंस्था म्हणा, दवाखाना म्हणा, कॉलेज म्हणा, बाजार समिती म्हणा, आता आपल्याकडे जळगाव-धुळ्यात सगळ्यांनाच दर्शनी भागात एक स्क्रीन हवी असते आणि हे काम नीट करून देणारे लोक अजून कमी आहेत. फ्लेक्स प्रिंटिंग, सीसीटीव्ही किंवा कॉम्प्युटर रिपेअरिंगमध्ये असलेल्या पोरापोरींना या लाइनमध्ये यायला खरंच चांगला चान्स आहे, म्हणून मला काम करता करता जे कळलं ते लिहितेय.

कुठेही गेलात की टीव्ही किती इंची घ्यायचा यावरच गप्पा सुरू होतात. त्याच्या आधी तुम्ही दोन गोष्टी विचारा, यावर रोज काय बदलणार आणि ते बदलणार कोण. चेअरमन साहेब म्हणतील "आमचा स्टाफ बघून घेईल", तेवढ्यावर उठू नका, त्या माणसाचं नाव विचारा आणि त्याच्या टेबलाजवळ जाऊन बसा. रावेर-यावल पट्ट्यातल्या एका केळीच्या ऑफिसात मी अशीच बसले होते. सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर भाव आला की क्लार्क दादांच्या कानाला फोन लागलेला तो लागलेलाच, समोर शेतकरी उभे, प्रत्येकाचा एकच प्रश्न, आज काय भाव निघाला. या माणसाला कॉम्प्युटर उघडून डिझाइन करायला वेळ कुठून मिळणार? मग तिथे गूगल स्लाइड्स वापरलं, तारीख आणि भावाचे मोठे आकडे एवढीच स्लाइड, दादा मोबाइलवरच आकडा बदलतात आणि वेबवर पब्लिश केलेल्या लिंकवरून थोड्या मिनिटांत तो स्क्रीनवर दिसतो. ती स्क्रीन आजही चालू आहे कारण बदलायला सोपी आहे. फक्त एक लक्षात ठेवा, ती लिंक ज्याच्याकडे जाईल तो बघू शकतो, त्यामुळे खाजगी काहीही त्यात टाकायचं नाही.

आता सामान. रोज आठ-दहा तास, सावलीतल्या हॉलमध्ये चालवायचं असेल तर घरगुती ४३ इंची टीव्ही चालतो, बजेट खरंच कमी असेल तर मी तोच सांगते. पण दोन गोष्टी आधीच क्लिअर करा. बऱ्याच कंपन्यांच्या वॉरंटीत धंद्याच्या ठिकाणी वापर बसत नाही, आणि घरगुती टीव्हीचा उजेड साधारण २५० ते ३५० निट्सचा असतो, काचेच्या दाराजवळ उन्हासमोर लावला तर दुपारी काही दिसत नाही. चोवीस तास चालवायचं असेल, जसं की दवाखान्याची कॅज्युअल्टी, तर कमर्शियल डिस्प्लेच घ्यायला लावा, महाग पडतो पण त्याच कामासाठी बनवलेला असतो. लाइटबिलाची भीती सगळ्यांना असते, ती घालवा, ४३ इंची घरगुती टीव्ही ८० ते १०० वॅट खातो म्हणजे दहा तासाला जास्तीत जास्त एक युनिट.

आपल्याकडचा खरा प्रश्न उन्हाळा आणि लाइटचा आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळला ४४-४५ डिग्री होतं आणि बहुतेक टीव्हींच्या मॅन्युअलमध्ये ४० डिग्रीपर्यंतच वापरा असं लिहिलेलं असतं. म्हणून पत्र्याखाली, पश्चिमेच्या भिंतीवर, चारी बाजूंनी बंद प्लायवूडच्या खोक्यात टीव्ही बसवायचा नाही, इंटेरियरवाला कितीही म्हणाला तरी नाही, मागे आणि वर हवा खेळायला जागा पाहिजेच. स्क्रीनवरचा मजकूर चालवायला रास्पबेरी पाय, म्हणजे मेमरी कार्डवर चालणारा तळहाताएवढा कॉम्प्युटर (पुढे नुसतं 'पाय' म्हणते), टीव्हीच्या मागे चिकटवला तर तो टीव्हीची गरमी पण खातो, ८० डिग्रीच्या पुढे गेला की स्वतःच स्पीड कमी करतो आणि व्हिडिओ अडखळायला लागतो, त्याला अ‍ॅल्युमिनियमची केस घाला आणि थोडा बाजूला लावा.

लाइट गेली की काय होतं हे तर समोर उभं राहून तपासायचंच. मेन स्विच बंद करा, परत चालू करा आणि हात न लावता बघत बसा. पाय आपोआप सुरू होतो, पण बरेच घरगुती टीव्ही स्टँडबायवरच थांबतात आणि मग कोणीतरी रिमोट शोधत बसतं. सेटिंगमध्ये लाइट आल्यावर आपोआप चालू व्हायचा ऑप्शन आहे का बघा, नसेल तर पायकडून एचडीएमआय-सीईसीने, म्हणजे एचडीएमआय केबलमधूनच टीव्हीला हुकूम देऊन, टीव्ही चालू-बंद करता येतो, सुट्टीच्या दिवशी बंद ठेवायलाही तेच कामात येतं. अचानक लाइट गेल्याने मेमरी कार्ड खराब होतं म्हणून पाय आणि राऊटर छोट्या यूपीएसवर घ्या, टीव्हीला स्टॅबिलायझर पुरतो. पाय ४ ला घड्याळाची बॅटरी नसते, नेट नसताना सुरू झाला तर वेळ चुकीची धरतो आणि तारखेप्रमाणे लावलेल्या जाहिराती गडबडतात, हे खूप जणांना माहीतच नसतं.

सॉफ्टवेअरला पैसे घालायची घाई करू नका. एकच स्क्रीन आणि महिन्यातून एकदा बदल असेल तर पेनड्राइव्ह पुरे, फक्त लाइट आल्यावर तो टीव्ही पेनड्राइव्ह आपोआप चालू करतो का ते बघा. एक-दोन स्क्रीनसाठी अँथियास मस्त आहे, फुकट आणि ओपन सोर्स, पायवर टाका, ब्राउझरमधून फोटो, व्हिडिओ, वेबपेज चढवा, तारखा द्या. चढवलेले फोटो-व्हिडिओ पायमध्येच सेव्ह होतात त्यामुळे नेट गेलं तरी चालू राहतात. २०२२ पर्यंत याचंच नाव स्क्रीनली ओएसई होतं, जुने व्हिडिओ बघून शिकत असाल तर त्या नावाने शोधा. आणि पासवर्ड आधी लावा, तो सुरुवातीला लावलेला नसतो, त्याच वायफायवरचा कोणीही तुमच्या स्क्रीनवर काहीही टाकू शकतो! शाखा जास्त असतील, म्हणजे चाळीसगाव, अमळनेर, शिरपूर सगळं एका जागेवरून चालवायचं असेल तर झिबो हे सॉफ्टवेअर शिका, त्याचं सीएमएस, म्हणजे सगळ्या स्क्रीनवरचा मजकूर सांभाळणारा भाग, स्वतःच्या सर्व्हरवर फुकट चालतं, शिकायला वेळ लागतो पण पुढचं काम त्यावरच मिळतं.

अक्षरांवर मात्र जीव लावा. दहा फुटांवरून वाचायला एक इंच उंचीचं अक्षर हा साधा हिशोब आहे, ४३ इंची फुल एचडी स्क्रीनवर एक इंच म्हणजे साधारण ५० पिक्सेल, तेव्हा वीस फुटांवरच्या बाकड्यासाठी १०० पिक्सेल लागतात आणि वेलांट्या-उकारांना जागा सोडली की पाच-सहा ओळींच्या वर काही बसत नाही. पतसंस्थेवाले ठेवींचे सगळे व्याजदर एकाच स्लाइडवर मागतात, त्यांना बाकड्यावर बसवून वाचायला सांगा, लगेच पटतं. डीटीपीवाल्याकडून फाइल आली तर पीएनजी, म्हणजे चित्राची फाइल मागा, जुन्या श्रीलिपी-कृतिदेवमधला मजकूर तसाच कॉपी केला तर एबीसीडीचा कचरा दिसतो. नवीन मजकूर युनिकोडमध्येच करा, मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी दुरून छान वाचता येतात.

भाषेचा पण विचार करा. अमळनेर-धुळ्याकडे एखादी ओळ अहिराणीत टाकली, "केवायसी करी ल्या भाऊ", की लोक थांबून वाचतात. नंदुरबारला धडगाव-अक्कलकुव्याकडून येणारे पेशंट घरी पावरी, भिली बोलतात, काहींना वाचता येत नाही, तिथे मोठा टोकन नंबर, खोलीचा रंग आणि बाणच कामाला येतात. पेशंटचं नाव स्क्रीनवर कधीच टाकू नका, थकबाकीदारांचं पण नाही, ऑफिसने कितीही आग्रह केला तरी. आजारपण आणि कर्ज चारचौघांत दाखवायच्या गोष्टी नाहीत आणि नाही म्हणायची जबाबदारी स्क्रीन लावणाऱ्यावर पण येते.

पैशांचं बोलायचं तर सामान, बसवणं आणि वर्षभराची देखभाल असे तीन आकडे कोटेशनमध्ये वेगळे लिहा. देखभाल सामानात मिसळली की पुढे प्रत्येक चक्कर फुकटात होते आणि मग तुम्हीच जायला टाळता, स्क्रीन बंद पडून राहते. देखभालीत मार्चची एक चक्कर पक्की धरा, धूळ काढायची, यूपीएसची बॅटरी बघायची, मेन स्विच बंद करून परत सगळं सुरू होतं का पाहायचं, आणि रोज बदल करणारा माणूस बदलला असेल तर नव्या माणसाला शेजारी बसवून शिकवायचं.