जुन्या स्प्लेंडरचा मागचा ब्रेक लागत नाही? नट आवळण्याआधी हे बघा

ब्रेक कमी लागला की आपण काय करतो, रॉडच्या टोकाचा नट दोन फेरे आवळतो आणि निघतो. नट फक्त शू (ड्रमला आतून दाबून चाक थांबवणारे दोन अर्धगोल तुकडे) झिजून पडलेलं अंतर भरून काढतो, बाकी कुठलाच बिघाड त्याने जात नाही, उलट लपतो. म्हणून आधी नक्की काय होतंय ते ओळखा.

गाडी मेन स्टँडवर घ्या आणि मागचं चाक हाताने फिरवा. मोकळं फिरलं पाहिजे. पेडल दाबायला लागल्यापासून ब्रेक धरेपर्यंत 20 ते 30 मिमी खेळ हवा. आता पेडल पूर्ण दाबून धरा आणि ड्रमजवळच्या ब्रेक आर्मकडे (रॉड जिला जोडलेला असतो ती छोटी दांडी) बघा, तिथे एक बाण असतो आणि पॅनलवर, म्हणजे ड्रमच्या झाकणावर, खूण असते. बाण खुणेपर्यंत गेला म्हणजे शू संपले, बदलायचे. काही जण इथे आर्म काढून एक दात मागे फिरवून बसवतात म्हणजे नटला परत जागा मिळते, हे कृपा करून करू नका, कॅम (आर्मबरोबर फिरून शू फाकवणारा दांडा) जास्त फिरून आडवा अडकू शकतो आणि चालत्या गाडीचं चाक जाम होतं.

पेडल सोडल्यावरही चाक धरून राहत असेल तर बहुतेक वेळा कॅम सुकलेला असतो, पावसाळ्यानंतर हे हमखास होतं. रॉड सोडवून आर्म हाताने दाबून सोडा, टकन मागे आला पाहिजे. सावकाश आला किंवा तिथेच थांबला तर खोलावं लागेल. पेडल पायाखाली धडधडत असेल आणि चाक फिरवताना दर फेऱ्याला एकाच जागी घासल्याचा आवाज येत असेल तर ड्रम ओव्हल झालाय. आणि पावसात रात्रभर उभ्या गाडीचा सकाळी चर्र आवाज येऊन दोन-चार ब्रेकमध्ये गेला तर तो नुसता गंज आहे, खोलायची गरज नाही.

खोलताना रॉडचा नट, मग स्टॉपर आर्मचा (पॅनलला फिरू न देणारी पट्टी) बोल्ट काढा आणि ऍक्सल ओढा. स्प्रॉकेटच्या, म्हणजे चेनच्या दातेरी चाकाच्या, बाजूचा मोठा स्लीव्ह नट सोडू नका, म्हणजे चेन जागेवर राहून चाक निघतं. आतली काळी धूळ फुंकू नका, कॉम्प्रेसरची हवाही मारू नका, जुन्या लायनरमध्ये (शूवरचा घासला जाणारा थर) ऍस्बेस्टॉस असू शकतं, ते फुप्फुसाला घातक. ओल्या फडक्याने पुसा.

लायनर 2 मिमीच्या आसपास आलं असेल, तडा असेल किंवा शूपासून सुटायला लागलं असेल तर दोन्ही शू आणि स्प्रिंगा नवीन टाका. ग्रीस किंवा ऑइल लागलेले शू पेट्रोलने धुवून परत बसवतात, पण लायनर ते आतपर्यंत पितं आणि गरम झालं की बाहेर सोडतं, त्यामुळे ते शू गेलेच समजा, आणि ग्रीस आलं कुठून तेही शोधा, बेअरिंगजवळचं ऑइल सील बघा. लायनर जाड आहे पण काचेसारखं चमकतंय, तर 80 नंबरच्या एमरी पेपरने चमक घालवा आणि पुढची-मागची धार जरा तासा, किंचाळणं बऱ्याचदा एवढ्यावरच थांबतं. ड्रमवर मॅक्स डाया, म्हणजे चालेल तो जास्तीत जास्त व्यास, लिहिलेला असतो, 130 मिमीच्या ड्रमला साधारण 131 मिमी. ओव्हल झालेला ड्रम त्याच्या आत असेल तरच लेथवर कातून गोल करून घ्या.

कॅम बाहेर काढून गंज साफ करा, गरमीला टिकणारं ग्रीस बोटावर दिसेल न दिसेल इतकंच दांड्याला, कॅमच्या तोंडाला आणि शूच्या पिनला लावा. आर्म बसवताना आर्मवरची आणि कॅमवरची पंचाने ठोकलेली खूण जुळवा.

बसवताना ऍक्सलचा नट पूर्ण आवळायच्या आधी पेडल दाबून धरायला कुणाला तरी सांगा आणि तसंच आवळा, म्हणजे शू ड्रममध्ये मधोमध बसतात. नवीन शू टाकूनही ब्रेक नरम लागतो त्याचं कारण पुष्कळदा हेच राहून गेलेलं असतं. मग स्टॉपर आर्मचा बोल्ट आणि त्याची स्प्लिट पिन, ही विसरलात तर ब्रेक मारल्यावर अख्खं पॅनल फिरून रॉड तोडेल, म्हणून परत एकदा हात लावून बघा.

शेवटी खेळ लावा, ब्रेक लाइट कधी पेटतो ते तपासून स्विच ऍडजस्ट करा. नवीन शू ड्रमला पूर्ण टेकायला वेळ घेतात तेव्हा पहिले काही दिवस अंतर राखून चालवा, जोरात ब्रेक मारू नका, आणि शे-दोनशे किलोमीटर झाले की नट परत एकदा बघा.